पोकरचे नियम, क्रमाने: पाच पत्त्यांच्या डावापासून ओमाहापर्यंत, आणि तीन पत्ती खेळणारे जिथे अडखळतात त्या जागा

ज्याला तीन पत्ती येते त्याला पोकर आपोआप येईल, या समजुतीवर घरोघरी पोकर मांडला जातो. गणपतीचं जागरण असो की दिवाळीची सुट्टी, दोन-तीन डाव झाले की आवाज चढतात. कुणी सिक्वेन्स दाखवून पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) ओढायला लागतो, कुणी मध्येच शो मागतो, कुणी 'माझ्या तीन जोड्या' म्हणून अडून बसतो. यातलं एकही पोकरमध्ये चालत नाही. खेळ अवघड नाही, तो उलट्या क्रमाने शिकवला जातो: आधी टेक्सस होल्डेमचे पत्ते वाटायचे, मग कोणता हात मोठा ते सांगायचं, आणि बेट लावण्याचे नियम भांडण झाल्यावर शोधायचे. खालचा क्रम पाळा, निम्मे वाद होणारच नाहीत.

इथलं सगळं पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर खेळण्यासाठी आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर परवान्याने खेळ चालतो. तिथे नियम सांभाळायला डीलर असतो, घरी ते काम तुमचंच.

## १. वाटण्याआधीची तयारी

पत्ते. ५२ पत्त्यांचा कॅट, जोकर बाजूला. घरातल्या जुन्या कॅटमधली एखादी दुर्री नेमकी हरवलेली असते, म्हणून आधी मोजून घ्या. वेगळ्या पाठीचे दोन कॅट असतील तर उत्तम: एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार राहतो.

चिप्स. सगळ्यांना सारख्या द्या. सहा जणांसाठी सोपा हिशोब असा: प्रत्येकी १० च्या २०, ५० च्या १२ आणि १०० च्या १२ चिप्स. म्हणजे प्रत्येकाकडे २,००० आणि एकूण २६४ चिप्स, ३०० च्या डब्यात सहज बसतात. डबा नसेल तर चिंचोके, राजमा आणि कवड्या यांना तीन किमती ठरवून द्या. ब्लाइंड (वाटण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स) १० आणि २० ठेवले की प्रत्येकाकडे शंभर मोठे ब्लाइंड होतात, खेळायला भरपूर.

बटण. डीलर कोण हे दाखवणारी खूण. कॅरमचा स्ट्रायकर चालतो. प्रत्येक डावानंतर तो एक जागा डावीकडे सरकतो. 'आत्ता कोणाचा डीलर होता?' हा प्रश्न पडला की समजा बटण ठेवलेलं नाही.

घोषणा. पत्ते पिसण्याआधी मोठ्याने सांगा: खेळ कोणता, बेटला मर्यादा आहे की नाही, ब्लाइंड किती.

> तपासा: हातांची उतरंड कागदावर लिहून टेबलाच्या मध्यभागी ठेवली आहे का? नसेल तर अजून वाटू नका.

## २. हातांची उतरंड: तीन पत्तीची इथे विसरायची

पोकरचा हात नेहमी पाच पत्त्यांचा. मोठ्यापासून लहानाकडे:

१. रॉयल फ्लश: एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी
२. स्ट्रेट फ्लश: एकाच रंगाचे सलग पाच
३. फोर ऑफ अ काइंड: चार सारखे
४. फुल हाउस: तीन सारखे आणि एक जोडी
५. फ्लश: एकाच रंगाचे कोणतेही पाच
६. स्ट्रेट: सलग पाच, रंग कोणतेही
७. थ्री ऑफ अ काइंड: तीन सारखे
८. दोन जोड्या
९. एक जोडी
१०. हाय कार्ड: वरचं काहीच नाही, फक्त मोठा पत्ता बघायचा

पहिला मोठा घोटाळा पाचव्या-सहाव्या ओळीत होतो. तीन पत्तीत सिक्वेन्स (सलग पत्ते) कलरला (एकाच रंगाच्या पत्त्यांना) मारतो. पोकरमध्ये उलट: फ्लश स्ट्रेटला मारतो. हे कुणाच्या मर्जीने ठरलेलं नाही, मोजणीतून आलं आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात नुसते सिक्वेन्स ७२० आणि नुसते कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात. त्यात स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. पत्ते वाढले की पारडं फिरतं. दुसरा घोटाळा ट्रेलचा, म्हणजे तीन सारख्या पत्त्यांचा. तीन पत्तीत सर्वांत वरचा असलेला हा हात इथे थेट सातव्या क्रमांकावर येतो आणि साध्या स्ट्रेटकडूनही हरतो.

आणखी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा:

- एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सर्वांत लहान स्ट्रेट. तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्रीला जो मान आहे तो इथे नाही.
- स्ट्रेट वळसा घेत नाही. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री म्हणजे काहीच नाही.
- इस्पिक बदामापेक्षा मोठं नाही. दोघांचे पाचही पत्ते किमतीने सारखे असतील तर पॉट वाटला जातो.

## ३. बेटची शिस्त

खेळ कोणताही असो, हा भाग सारखाच आहे. म्हणून होल्डेमच्या आधी हाच शिकवा.

तीन पत्तीत चाल फिरत राहते, कुणीतरी शो मागेपर्यंत. पोकरमध्ये फेरी बरोबरी झाली की संपते: खेळात असलेल्या प्रत्येकाला एकदा तरी बोलायची संधी मिळाली आणि सगळ्यांच्या चिप्स सारख्या झाल्या, की फेरी बंद. मग पुढचा पत्ता. शो विकत घेता येत नाही, साइड शो तर नाहीच. आणि ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं नव्हे. वाटण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने टाकायच्या चिप्स म्हणजे ब्लाइंड. पत्ते बघितले म्हणून इथे कुणाला दुप्पट भरावं लागत नाही.

आपल्या पाळीला करता येण्याजोग्या गोष्टी पाचच: चेक (काही न लावता पाळी पुढे देणं, समोर बेट नसेल तरच), बेट (फेरीत पहिल्यांदा चिप्स लावणं), कॉल (समोरच्या बेटएवढं भरणं), रेझ (बेट वाढवणं), फोल्ड (पत्ते टाकणं).

रेझ किमान किती? त्या फेरीत आधीची वाढ जेवढी, निदान तेवढी. ब्लाइंड २० आहे, एकाने ६० केले, म्हणजे वाढ ४० ची. पुढच्याला वाढवायचं असेल तर किमान १०० करावे लागतील. त्याच्याकडे एकूण ८५ च असतील तर तो ऑल-इन जाऊ शकतो, म्हणजे आहेत त्या सगळ्या चिप्स लावू शकतो, पण ती वाढ अपुरी. ज्यांनी आधीच ६० भरले आहेत ते फरकाचे २५ भरतील किंवा पत्ते टाकतील, तेवढ्यावरून पुन्हा रेझ करू शकणार नाहीत.

एका दमात बोला. 'तुझे शंभर कॉल... आणि वर आणखी दोनशे' हे चालत नाही. 'कॉल' म्हटलं तिथे तुमची पाळी संपली. समोरच्याचा चेहरा बघून पुढची रक्कम ठरवायला यातून वाव मिळतो, म्हणून ही बंदी. आधी 'रेझ' म्हणा, मग रक्कम.

मोठी चिप, तोंडातून शब्द नाही. समोर २० ची बेट आहे आणि तुम्ही गुपचूप १०० ची एक चिप टाकली, तर तो कॉल धरला जातो आणि ८० परत येतात.

टेबलावर आहे तेवढंच. डाव चालू असताना नवीन चिप्स घेता येत नाहीत. आणि चिप्स कमी आहेत म्हणून कुणाला डावाबाहेरही काढता येत नाही. तो ऑल-इन जातो.

> इशारा: चिप्स पॉटमध्ये भिरकावू नका. फेरी संपेपर्यंत आपापल्यासमोर ठेवा. बरोबरी झाली की नाही ते तरच दिसतं.

## ४. सराव: फाइव्ह कार्ड ड्रॉ

नवख्यांना थेट होल्डेमला बसवू नका. अर्धा तास हा खेळा, उतरंड डोक्यात बसते.

१. प्रत्येकाने ठरलेली एक चिप मध्ये टाकायची, आपल्या बूटसारखी.
२. प्रत्येकी पाच पत्ते, उलटे.
३. डीलरच्या डावीकडून बेटची पहिली फेरी.
४. पाळीनुसार नको असलेले पत्ते आधी टाकायचे, मग तितकेच नवे घ्यायचे.
५. दुसरी फेरी, मग पत्ते उघडायचे.

पाचपेक्षा जास्त जण बसले तर कॅट अपुरा पडू शकतो.

## ५. टेक्सस होल्डेम

प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच. या सातांतून उत्तम पाच निवडायचे. हातातले दोन्ही, एक किंवा एकही नाही, काहीही चालतं.

१. ब्लाइंड. बटणाच्या डावीकडचा छोटा ब्लाइंड (१०), त्याच्या डावीकडचा मोठा (२०). हे वाटण्याच्या आधी.
२. वाटप. छोट्या ब्लाइंडपासून सुरू, एकेक करत प्रत्येकी दोन.
३. पहिली फेरी. सुरुवात मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडून. सगळ्यांनी नुसता कॉल केला तरी मोठ्या ब्लाइंडला शेवटी रेझ करायचा हक्क आहे. घरी हा हक्क हमखास विसरला जातो आणि डीलर घाईने फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते) उघडून मोकळा होतो.
४. फ्लॉप. वरचा एक पत्ता न बघता उलटाच बाजूला ठेवा, मग तीन पत्ते उघडा. बाजूला ठेवायचं कारण असं की फेरी चालू असताना वरच्या पत्त्याची पाठ सगळ्यांना दिसत असते. एखादा कोपरा दुमडलेला असेल तर तो ओळखता येतो.
५. दुसरी फेरी. आता सुरुवात बदलते: बटणाच्या डावीकडे जो पहिला अजून खेळात आहे तो आधी बोलतो. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत हाच नियम.
६. टर्न. एक बाजूला, एक उघडा. तिसरी फेरी.
७. रिव्हर. एक बाजूला, एक उघडा. शेवटची फेरी.

दोघंच उरले असतील तर मांडणी फिरते. बटण ज्याच्याकडे तोच छोटा ब्लाइंड टाकतो, फ्लॉपआधी पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटचा.

> तपासा: प्रत्येक नवा पत्ता उघडण्याआधी डीलरने विचारायचं, 'सगळ्यांचं बरोबर?'

## ६. पत्ते उघडणं आणि पॉट वाटणं

शेवटच्या फेरीत ज्याने शेवटची बेट किंवा रेझ केली तो आधी दाखवतो. सगळ्यांनी चेक केलं असेल तर बटणाच्या डावीकडचा पहिला. पत्ते उघडे टेबलावर ठेवायचे. तोंडाने काय म्हटलं याला किंमत नाही. कुणी 'माझी एकच जोडी' म्हणाला आणि पत्त्यांत फ्लश निघाला, तर तो फ्लशच. मात्र वैतागून पत्ते उलटे सरकवून टाकलेल्या पत्त्यांत मिसळले, तर तो हात मेला.

आता 'तीन जोड्यां'चा निकाल लावू. मध्ये दोन एक्के, दोन राजे आणि एक सत्ती आहे. अ च्या हातात दोन राण्या. ब च्या हातात एक राणी आणि एक चौकी. अ ला वाटतं आपण जिंकलो. पण हात पाचांचाच: अ चे एक्का-एक्का-राजा-राजा-राणी, ब चेही एक्का-एक्का-राजा-राजा-राणी. दुसरी राणी सहावा पत्ता, तिला जागाच नाही. पॉट निम्मा-निम्मा. विषम चिप उरली तर बटणाच्या डावीकडे जो विजेता आधी येतो त्याला.

साइड पॉट. अ कडे २००, ब कडे ५००, क कडे ९००. तिघेही ऑल-इन. हिशोब सर्वांत लहान ढिगापासून करा:

- प्रत्येकाचे २००, मिळून ६००: मुख्य पॉट, तिघांचाही हक्क.
- ब आणि क चे आणखी ३००-३००, मिळून ६००: साइड पॉट, अ चा संबंध नाही.
- क चे उरलेले ४०० कुणी जुळवलेच नाहीत, ते लगेच परत.

आधी साइड पॉटचा निकाल, मग मुख्य पॉटचा. अ चा हात सर्वांत मोठा निघाला तरी त्याला ६०० च मिळणार. सगळ्या चिप्स एका ढिगात लोटल्या की हा हिशोब नंतर कुणालाही लावता येत नाही, म्हणून ढीग त्याच क्षणी वेगळे करा.

## ७. ओमाहा: नेमके दोन, नेमके तीन

वाटप आणि फेऱ्या होल्डेमसारख्याच, फक्त हातात चार पत्ते. पण हात लावताना हातातले नेमके दोन आणि मधले नेमके तीन घ्यावेच लागतात. होल्डेमची मोकळीक इथे नाही, आणि सगळ्यात जास्त चुकीचे पॉट इथेच वाटले जातात.

मध्ये बदामाचे एक्का, दश्शी, सत्ती, तिर्री आणि किलवरचा राजा आहे. तुमच्याकडे बदामाचा राजा, इस्पिकचा राजा आणि काळे दोन फुटकळ पत्ते. होल्डेममध्ये हा मोठा फ्लश झाला असता. ओमाहात हातातून दोन बदाम लागतात, तुमच्याकडे एकच आहे. म्हणून तुमचे तीन राजे, बस. समोरच्याकडे बदामाची पंजी आणि चौकी असेल तर तो फ्लश लावून पॉट नेतो.

हाच नियम हातातल्या चांगल्या पत्त्यांनाही लागतो. तीन एक्के हातात आले तर त्यातले दोनच खेळतात, तिसरा वाया जातो, आणि मध्ये यायला एकच एक्का उरतो.

> तपासा: पत्ते उघडताना दोन पत्ते पुढे सरकवा, बोर्डवरचे (मध्ये उघडलेल्या पत्त्यांतले) तीन बोटाने दाखवा. हे करता येत नसेल तर तो हात नाहीच.

ओमाहा बहुधा पॉट-लिमिट खेळतात, म्हणजे बेट पॉटएवढीच. रेझची कमाल काढायची सोपी रीत: शेवटच्या बेटची तिप्पट, अधिक त्याआधी पॉटमध्ये असलेलं सगळं. पॉटमध्ये १०० होते, समोरच्याने ५० लावले: दीडशे अधिक शंभर, तुम्ही जास्तीत जास्त २५० करू शकता. पडताळा: तुमचे ५० कॉल धरले की पॉट २०० होतो, त्यावर आणखी २०० ची वाढ.

## ८. ओमाहा हाय-लो

पॉटचे दोन भाग: निम्मा मोठ्या हाताला, निम्मा लहान हाताला. लहान हात पात्र ठरायला पाच वेगवेगळे पत्ते अठ्ठी किंवा त्याखालचे हवेत. एक्का इथे सर्वांत लहान, आणि स्ट्रेट किंवा फ्लश झाला तरी लहान हाताचं काही बिघडत नाही. दोन-तीनचा नियम दोन्ही बाजूंना, पण दोन्हीकडे तेच पत्ते वापरायची सक्ती नाही. बोर्डवर अठ्ठी किंवा त्याखालचे तीन वेगळे पत्ते नसतील तर लहान हात संभवतच नाही, सगळा पॉट मोठ्याला.

लहान हात वरून वाचायचा. बोर्डवर राजा, अठ्ठी, पंजी, तिर्री, राणी. अ कडे एक्का-दुर्री: ८-५-३-२-१. ब कडे एक्का-चौकी: ८-५-४-३-१. अठ्ठी सारखी, पंजी सारखी, पुढे तिर्री चौकीपेक्षा लहान. अ जिंकला.

आता राणीऐवजी रिव्हरला दुर्री आली असं धरा. अ चा हात तिथेच राहतो, कारण त्याची दुर्री आता बोर्डवरही आहे: अजून ८-५-३-२-१. ब मात्र एक्का-चौकी आणि बोर्डवरचे पंजी-तिर्री-दुर्री घेऊन ५-४-३-२-१ करतो. यापेक्षा लहान हात नाही. एका पत्त्याने बाजी उलटली, आणि बरेच जण एक्का-दुर्री हातात असल्याच्या भरात ते बघतच नाहीत.

अजून एक सावधानता: लहान निम्म्यात बरोबरी झाली तर पाव पॉट हाती येतो. तिघांनी ४००-४०० टाकले, पॉट १,२००, तुमचा वाटा ३००. बरोबरीत असूनही शंभर गेले. विषम चिप मोठ्या हाताकडे जाते.

## ९. सेव्हन कार्ड स्टड, थोडक्यात

इथे ब्लाइंड नाहीत, सामायिक पत्तेही नाहीत. प्रत्येकाने आधी एक ठरलेली चिप टाकायची. मग प्रत्येकी दोन उलटे, एक उघडा. सर्वांत लहान उघडा पत्ता ज्याचा, त्याला सक्तीने सुरुवात करावी लागते. बरोबरी असेल तर रंग बघतात, लहानापासून: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक. हातांची तुलना करताना मात्र रंगाला किंमत नाही. पुढे चौथा, पाचवा, सहावा पत्ता उघडा, सातवा उलटा, प्रत्येकानंतर एक फेरी. चौथ्यापासून सुरुवात ज्याचे उघडे पत्ते सर्वांत मोठे त्याच्याकडून. सातांतून पाच निवडायचे. आठ जण बसवू नका, आठ सत्ते छप्पन होतात.

## १०. डाव बिघडला तर

नियम आधीच वाचून दाखवा, नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीचा सांगतो.

- वाटताना पहिला किंवा दुसराच पत्ता उघडा पडला: वाटप रद्द, पुन्हा पिसा.
- पुढचा एखादा पत्ता उघडा पडला: वाटप पूर्ण करा, त्या खेळाडूला वरचा पत्ता द्या, आणि उघडा पडलेला पत्ता फ्लॉपआधी बाजूला ठेवायचा पत्ता म्हणून वापरा. दोन पत्ते उघडे पडले तर वाटप रद्द.
- बेट संपण्याआधी फ्लॉप उघडला: फेरी पूर्ण करा. तिन्ही पत्ते कॅटमध्ये परत मिसळून पिसा आणि नवा फ्लॉप उघडा. पुन्हा एक पत्ता बाजूला ठेवू नका, तो आधीच ठेवलेला आहे.
- टर्न घाईने उघडला: तो पत्ता वेगळा ठेवून फेरी पूर्ण करा. मग एक पत्ता बाजूला ठेवून, जो रिव्हरला आला असता तो टर्न म्हणून उघडा. ती फेरी झाली की वेगळा ठेवलेला पत्ता उरलेल्या कॅटमध्ये मिसळा. टाकलेले आणि बाजूला ठेवलेले पत्ते त्यात घेऊ नका. पिसा, काटा, आणि काहीही बाजूला न ठेवता रिव्हर उघडा.